साडीमागचे कागद

एकतीस वर्षं मी कोल्हापुरातल्या एका हायस्कुलात संस्कृत शिकवलं आणि त्या एकतीस वर्षांत एकाही विद्यार्थ्याला शाब्बास म्हटल्याचं मला आठवत नाही. म्हणायचं नाही असं काही ठरवलेलं नव्हतं. जे यायलाच पाहिजे ते आलं तर त्यात कौतुक कसलं, असं मला मनापासून वाटायचं. आणि 'सर, पाठ होत नाही' हे वाक्य तर माझ्या वर्गात चालायचंच नाही. होत नाही असं काही नसतं, तू बसत नाहीस, एवढं ऐकवून मी त्याला दाराबाहेर उभा करायचो. निवृत्त होऊन आता नऊ वर्षं झाली, वय सदुसष्ट. दाराबाहेर उभं राहणं म्हणजे काय असतं ते मला या वयात समजलं आणि समजावून देणारी माझी नात होती.

मुलगा जर्मनीत असतो. सून, तो आणि ही एकच मुलगी. दोन-अडीच वर्षांपूर्वी एकदा फोनवर तो म्हणाला, "बाबा, इकडं सहावीत अजून एक परकी भाषा घ्यावी लागते. फ्रेंच किंवा लॅटिन. ती फ्रेंच म्हणतेय."

मी त्याला वाक्य पुरं करू दिलं नाही. म्हणालो, "डोळे झाकून लॅटिन घे. आपल्या संस्कृतची सख्खी बहीण आहे. आपल्याकडं धातूंचे दहा गण, त्यांच्याकडं चार. द्विवचन तर नाहीच, म्हणजे एक तृतीयांश काम आधीच कमी. आणि अडलं तर मी आहे की."

खरं सांगायचं तर तोपर्यंत मी लॅटिनचं एक पुस्तकही उघडलेलं नव्हतं. एका जाड व्याकरणाच्या प्रस्तावनेत पितृ-पातेर, मातृ-मातेर अशा दहा-पंधरा शब्दांच्या जोड्या होत्या. दरवर्षी आठवीच्या पहिल्या तासाला मी त्या फळ्यावर लिहून भाव खायचो. तेवढ्या भांडवलावर मी माझ्या नातीची भाषा ठरवून टाकली.

यंदा जानेवारीत मुलाचा फोन आला. आवाज पडलेला. नात लॅटिनमध्ये सलग दुसऱ्यांदा नापास झाली होती. तिकडं शाळांचे वेगवेगळे प्रकार असतात. ही जातेय ती पुढं विद्यापीठात नेणारी, कडक शाळा. वर्षाखेरीपर्यंत लॅटिन सुधारलं नाही तर तिला तिथून काढून दुसऱ्या, सोप्या शाळेत घालावं लागणार होतं. सोप्या शाळेचं एवढं काही नाही, मुलगा म्हणाला, पण तिची एकुलती एक मैत्रीण या शाळेत आहे, बालवाडीपासूनची, आणि तिची साथ सुटली की हिला कुणीच नाही.

"बाबा, तुम्ही म्हणाला होता ना, मी आहे की," तो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं वाटलं असतं.

मी म्हणालो, "पाठव काय आहे ते. दर मंगळवारी शिकवतो तिला."

त्यानं पुस्तकातली क्रियापदांची सगळी पानं मोबाईलवर पाठवली. मोबाईलवर मला दिसत नाही म्हणून मी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेलो. दुकानदार माझाच जुना विद्यार्थी. उचगावहून रोज मोटरसायकलवर येतो, आता त्याला दोन मुली आहेत आणि पोट सुटलंय. त्याला मी किती वेळा वर्गाबाहेर काढला होता ते माझ्या लक्षात नाही. त्याच्या आहे.

"सर, ह्ये इंग्लिश न्हाय वाटतंय," कागद मशीनमधून बाहेर येत असताना तो म्हणाला.

"लॅटिन आहे. क्रियापदं चालवायची असतात. आपलं भवति-भवतः-भवन्ति असतं ना, तसंच."

"आई गं," तो म्हणाला आणि पानं अगदी हळू, कोपरे जुळवून माझ्या हातात दिली.

पहिलं क्रियापद होतं स्तुती करण्याचं. मी स्तुती करतो, तू स्तुती करतोस, तो स्तुती करतो, पुढं आम्ही, तुम्ही, ते. लाउदो, लाउदास, लाउदात, लाउदामुस, लाउदातिस, लाउदान्त. सहाच रूपं. मी मनात म्हटलं, दोन दिवसांत सगळं पुस्तक उरकतो.

पाठ करायची माझी एक पद्धत आहे. मी राजारामपुरीत राहतो आणि आमच्याकडं गल्ल्यांना नंबर आहेत. पहाटे फिरायला निघायचं आणि प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी एक रूप म्हणायचं. पहिल्या गल्लीला लाउदो, दुसऱ्या गल्लीला लाउदास, असं करत सहाव्या गल्लीला लाउदान्त. परत येताना उलटं. तरुणपणी शेकडो सुभाषितं मी अशीच पाठ केली आहेत. त्या दिवशीसुद्धा जाताना झकास जमलं. येतानाही जमलं. घरी येऊन चहा पीत बायकोला म्हणालो, "झालं, एक काळ संपला."

दुसऱ्या दिवशी चौथ्या गल्लीच्या तोंडाशी माझ्या तोंडून 'लाउदामः' आलं. संस्कृतचा विसर्ग आपणहोऊन येऊन बसला होता. मी तिथं उभा राहून आठवायला लागलो. दूधवाला गेला, पेपरवाला गेला, दोन बायका मला वळसा घालून गेल्या. आठवलंच नाही. घरी येऊन कागद बघितला, डोक्यावर हात मारून घेतला, दिवसभर घोकलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा चौथ्या गल्लीत गाडी बंद.

पुढं भूतकाळ आला, भविष्यकाळ आला. चार गणांपैकी दोघांचा भविष्यकाळ एका तऱ्हेचा आणि उरलेल्या दोघांचा भलत्याच तऱ्हेचा. आज पाठ केलेलं उद्या उडून जायचं आणि परवा दुसऱ्याच काळात जाऊन बसायचं. गंमत म्हणजे संस्कृतची रूपं जागच्या जागी होती. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी अभवत्-अभवताम्-अभवन् मी खडाखडा म्हटलं असतं. नवीन तेवढं आत जात नव्हतं. मी चिडायचो, कागद आपटायचो, चष्म्याला दोष द्यायचो. मग हळूहळू चिडणं संपलं आणि भीती वाटायला लागली. मला पाठ होत नव्हतं. मी बसत होतो, रोज चार चार तास बसत होतो, आणि तरी होत नव्हतं. हे वाक्य मला कुणाला सांगताच येईना, कारण कुणाकडून ते ऐकून घ्यायची सवय मी स्वतःलाच लावलेली नव्हती.

बायकोला दिसत होतं. ती मलकापूरकडची, सरळ बोलणारी. एकदा म्हणाली, "न्हाय होत तर सांगा की पोरीला. तुमचं वय हाय का आता ह्ये?" मी तिच्यावर खेकसलो. ती भाजी निवडत राहिली.

पहिला मंगळवार दोन दिवसांवर आला तेव्हा मी पुन्हा झेरॉक्सच्या दुकानात गेलो. एक पान पुसट आलं होतं, ते पुन्हा काढायचं होतं. निदान मी मनाशी तसं म्हणत होतो.

"पाठ झालं का सर?" त्यानं विचारलं.

मी पुसट पान पुढं केलं. त्यानं दुकानात दुसरं कुणी नाही ना ते बघितलं आणि शर्टाची बाही वर केली.

"आता सांगायला काय हरकत न्हाय. सहामाईला मी हितं लिवून आणलतं, पार कोपरापर्यंत. तुम्ही माझ्या बाकापाशी उभं हुता, तरी तुमास्नी कळलं न्हाय." मग माझ्या हातातलं पान घेऊन म्हणाला, "मोठ्ठ्या अक्षरात काढून देतो, देवनागरीत. मोबाईल ठेवताय त्याच्या म्होरच्या भिंतीला लावा. त्या पोरीला तुमचं तोंड दिसंल, भिंत कशी दिसंल?"

मी त्याला रागावायला पाहिजे होतं. त्याऐवजी मी स्टुलावर बसलो आणि रूपं सांगत गेलो, तो टाइप करत गेला. आठ मोठे कागद झाले. चिकटपट्टीसुद्धा त्यानंच दिली. निघताना म्हणाला, "कोण बघाय येतंय सर?"

आमच्या बाहेरच्या खोलीत मी खुर्चीवर बसतो, पुढं टीपॉयवर तांब्याला टेकून मोबाईल, आणि समोरच्या भिंतीवर ते आठ कागद. मंगळवारी संध्याकाळी साडेसातला नातीचा फोन आला. तेरा वर्षांची, दातांना तारा, केस कानामागं. मराठी ती आईचं ऐकून शिकली आणि आई तिला 'तू' म्हणते, म्हणून तीही सगळ्यांना 'तू' म्हणते, मलाही. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मी खपवून घेतलं नसतं.

"वही मीट," मी म्हणालो. "हात टेबलावर. पाठ म्हणायचं, बघून नाही. आधी मी म्हणतो."

आणि मी म्हटलं. मान थोडी वर, नजर भिंतीवर, चार काळ, चोवीस रूपं, एकदाही न अडखळता. संपल्यावर ती माझ्याकडं बघतच राहिली.

"आबा, तुला हे आधी येत होतं?"

"आधी कुठलं? तुझ्या बाबानं कागद पाठवले त्याला किती दिवस झाले?"

"दहा दिवस?"

"दहा दिवस," मी म्हणालो. "या वयात. तू मनावर घेतलंस तर तुला पाच दिवस पुरतील."

"दहा दिवस," ती पुन्हा एकदा म्हणाली. मला तो आदर वाटला. मी अगदी खूश होऊन फोन ठेवला आणि जेवताना भात मागून घेतला.

त्यानंतरचे आठ मंगळवार तसेच गेले. मी म्हणायचो, ती ऐकायची, मग ती म्हणायची आणि अडखळायची. अडखळली की मी थांबवायचो. पहिल्यापासून, म्हणायचो. तिचा चेहरा पडद्यावर बारीक होत जायचा. एकदा भविष्यकाळाच्या तिसऱ्या रूपाशी ती चार वेळा अडकली. मलाही ते रूप भिंतीशिवाय आलं नसतं, हे मला पक्कं माहीत होतं. तरी मी म्हणालो, "सदुसष्ट वर्षांच्या म्हाताऱ्याला जमतंय आणि तुला जमत नाही? तू बसतच नाहीस." तिनं खाली बघितलं. डोळ्यांतून पाणी आलं ते पुसलंसुद्धा नाही. एकतीस वर्षांत मी हे बऱ्याच जणांना म्हटलं असेन, पण त्यांच्या चेहऱ्याजवळ माझा चेहरा कधी एवढा नव्हता.

प्रत्येक सोमवारी मी ठरवायचो की उद्या सांगून टाकायचं. बाळा, मी बघून वाचतो. मला काही येत नाही. आणि मंगळवारी साडेसातला तो चेहरा समोर आला की माझी जीभ उचलायची नाही. मला वाटायचं, आत्ता सांगितलं तर तिचा माझ्यावरचा विश्वास जाईल, आणि मग ती कुणाचं ऐकून अभ्यास करणार? एप्रिलच्या शेवटी तिची मोठी परीक्षा होती. ती झाली की सांगू. मी स्वतःला अशी समजूत घालत राहिलो. लाज वाटत होती हे खरं कारण.

चैत्रात आमच्याकडं गौरीचं हळदीकुंकू असतं. बायको दरवर्षी बाहेरच्या खोलीत आरास मांडते. पायऱ्या, त्यावर गौर, खाली कलिंगडाचं कमळ, शेजारी करंज्या, आंब्याची डाळ, पन्ह्याचं पातेलं. यंदा पहिल्याच मंगळवारी तिनं बायकांना बोलावलं. आरास मांडायला सोयीची भिंत एकच, माझ्या कागदांची.

"ते काढा आता," ती म्हणाली.

"संध्याकाळी फोन आहे तिचा. परीक्षा जवळ आली. काढले तर पुन्हा नीट लागायचे नाहीत."

थोडी वादावादी झाली. शेवटी तिनं लग्नातली हिरवी साडी काढली आणि पार छताच्या खुंटीपासून खाली सोडून सगळी भिंत झाकून टाकली. त्यापुढं गौर बसली. खरोखर सुरेख दिसत होतं. सहाला बायका येणार, सातपर्यंत जाणार, साडेसातला फोन. साडी बाजूला सारली की माझी भिंत तयार. सगळं नीट जुळत होतं.

मार्चच्या शेवटच्या रविवारी तिकडचे लोक आपली घड्याळं एक तास पुढं करतात, हे मला मुलानं दोनदा सांगितलेलं होतं. मी विसरलो. विसरणं तर आता माझं नित्याचंच झालं होतं.

साडेसहाला खोलीत दहा-बारा बायका होत्या. कुणी ओटी घेत होतं, कुणी डाळ खात होतं. मी आतल्या खोलीत पेपर वाचत बसलो होतो. मोबाईल बाहेर टीपॉयवर राहिलेला, तो वाजला आणि बायकोनं उचलला.

"अगं बाई, तूच होय," तिचा आवाज आला. "बघ बघ, गौर बघ. अहो, बाहेर या. नातीचा फोन हाय."

मी बाहेर आलो तेव्हा बायको मोबाईल हातात धरून नातीला आरास दाखवत होती आणि बायका हात हलवत होत्या. मला बघून नात म्हणाली, "आबा, आज सरावाचा पेपर झाला. अपूर्ण भूतकाळ आला होता. मला परत जमलं नाही. तू एकदा म्हण ना. हळू म्हण. मला ऐकायचंय."

सगळ्या बायका माझ्याकडं बघायला लागल्या. शेजारच्या बाई म्हणाल्या, "म्हणा की सर, आम्हीपण ऐकतो."

समोर हिरवी साडी होती. मी तिच्याकडं बघितलं. काठावर मोर होते. "लाउदाबाम," मी म्हणालो. "लाउदाबास. लाउदाबात." पुढं मोकळं मैदान. मी राजारामपुरीची चौथी गल्ली डोळ्यांपुढं आणली, कोपऱ्यावरचं मेडिकल आणलं, त्याच्यापुढचा विजेचा खांब आणला. सगळं आलं, रूप आलं नाही.

"आबा?" नात म्हणाली.

माझ्या बायकोला वाटलं, मी बायकांसमोर संकोचलोय. तिला कसली लपवाछपवी माहीतच नव्हती. भिंतीवरचे कागद म्हणजे शिकवायचं साहित्य, तक्ते असतात तसं, अशी तिची समजूत. ती अगदी प्रेमानं म्हणाली, "अहो, ते कागद साडीच्या मागं हाईत की." आणि मला सोपं व्हावं म्हणून तिनं एका हातानं साडीचा काठ उचलला. दुसऱ्या हातात मोबाईल होता. तो तिनं त्या भिंतीकडंच धरलेला होता.

लाउदाबामुस. लाउदाबातिस. लाउदाबान्त. चांगली दोन बोटं उंचीची अक्षरं, काळीभोर. बायकांनीसुद्धा वाचली.

"म्हणा आता," बायको म्हणाली.

मी मोबाईल घेतला. नातीचा चेहरा अजिबात हलत नव्हता. मला वाटलं, नेट गेलं. मग ती म्हणाली, "ते नेहमी तिथंच होतं?"

मी हो म्हणालो.

"पहिल्या दिवशी पण?"

"हो."

तिनं मान हलवली. रडली नाही, रागावली नाही. "बरं आबा," म्हणाली आणि फोन बंद झाला. मी तसाच उभा होतो. शेजारच्या बाईंनी माझ्या हातात पन्ह्याचा पेला ठेवला. मी तो सगळा प्यायलो, कारण दुसरं काय करावं ते मला सुचेना.

पुढच्या मंगळवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मी मुलाला फोन केला, सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, तो चिडेल. त्याऐवजी तो मला माहीत नसलेलं सांगायला लागला.

फेब्रुवारीतच तिनं आपणहोऊन घरात सांगितलं होतं की मला दुसऱ्या शाळेत घाला. आई-बापानं समजूत घातली, ओरडून बघितलं, शाळेतल्या बाईंशी बोलले. ती एकच म्हणायची. आबांना दहा दिवसांत आलं, या वयात. मला दोन वर्षं झाली. मी ढ आहे, मला या शाळेत राहायचंच नाही. दुसऱ्या शाळेचा अर्ज मार्चमध्ये भरून झाला होता. मला कुणी सांगितलं नाही, कारण मी एवढा जीव तोडून शिकवतोय, मला वाईट वाटेल.

"मग आता सांग ना तिला," मी म्हणालो. "सांग की आबांना काहीच येत नव्हतं. सांग, सगळं नाटक होतं."

"तिला माहीत आहे बाबा. तिनं बघितलं ना. पण ती म्हणते, आता ठरलंय."

मी तिला पत्र लिहिलं, मराठीत, सोप्या शब्दांत, आणि फोटो काढून पाठवलं. लिहिलं की मी खोटं बोललो. मला हे पाठ होत नाही, रोज चार तास बसूनही होत नाही. तू ढ नाहीस, हे खरंच अवघड आहे, आणि मी सोपं आहे म्हणालो तेव्हा मी पुस्तक उघडलेलंही नव्हतं. दोन दिवसांनी उत्तर आलं. 'आबा ठीक आहे.' पुढं एक हसरा चेहरा. असा चेहरा ती दूधवाल्यालाही पाठवेल.

जूनमध्ये निकाल लागला. लॅटिनमध्ये पास. काठावर, पण पास. शाळेनं कळवलं की हवं तर ती राहू शकते. मुलानं विचारलं, सुनेनं विचारलं, ती मैत्रीण घरी येऊन बसली. तरी नात नाही म्हणाली. त्यांच्याकडं तेरा वर्षांच्या मुलीचं नाही म्हणणं ऐकून घेतात. आमच्याकडं मी कुणाचं ऐकलं असतं? इथून सहा-सात हजार किलोमीटरवर दार उघडं होतं, आणि ती आत जात नव्हती, आणि मी राजारामपुरीत खुर्चीवर बसून होतो. एवढा निरुपाय मी आयुष्यात अनुभवला नव्हता. कुणाला ओरडावं, कुणाचे पाय धरावे, काहीच समजत नव्हतं. बायको म्हणाली, "मी साडी उचलायला नको हुती." मी तिला म्हणालो, तुझं काहीच चुकलं नाही. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली, पण हे वाक्य तिनं माझ्याकडून पहिल्यांदाच ऐकलं असावं. तिनं वळून बघितलं.

कागद मी भिंतीवरून काढले. झेरॉक्सवाल्याला सांगितलं नाही. तो विचारतो, "नात पास झाली ना सर?" मी झाली म्हणतो, आणि त्याला फार आनंद होतो. पहाटेचं फिरणं मात्र सोडलं नाही. पहिल्या गल्लीपासून सहाव्या गल्लीपर्यंत, रोज तेच क्रियापद, तोच अपूर्ण भूतकाळ. कशासाठी, हे मला सांगता येत नाही. एखादा दिवस सगळं जमतं. बहुतेक दिवशी चौथ्या गल्लीत थांबतो.

परवा तिच्या शाळेला सुट्टी लागली आणि तिचा फोन आला. बायकोशी ती करंज्यांबद्दल काहीतरी बोलत होती, मग म्हणाली, "आबाला दे." नवीन शाळा सप्टेंबरात सुरू होते, तिथं लॅटिन नाही, पुस्तकं तिनं परत दिली, असं सगळं तिनं सांगितलं. मी हं हं करत होतो. मग तिनं विचारलं, "आबा, तू अजून करतोस ते?"

"रोज."

"येतं?"

"नाही," मी म्हणालो.

"म्हण बघू."

मी डोळे मिटले, म्हणजे तिला दिसावं की मी कुठं बघत नाही. लाउदाबाम. लाउदाबास. लाउदाबात. मेडिकल आलं, खांब आला, आणि मी थांबलो. मी थांबलो तसं ती पहिल्यापासून म्हणाली नाही, बसत नाहीस म्हणाली नाही. थोडा वेळ वाट बघितली आणि मग पलीकडून, सावकाश, जणू माझा हात धरून रस्ता ओलांडतेय अशी म्हणाली, "लाउदाबामुस. लाउदाबातिस. लाउदाबान्त."

मी डोळे उघडले. तिच्या पुढ्यात वही नव्हती, पुस्तक नव्हतं. ती स्वयंपाकघरात उभी होती आणि एका हातानं सफरचंद धूत होती. तिला येत होतं.

"शाब्बास," मी म्हणालो.

ती हसली. तारा काढलेल्या होत्या, कधी काढल्या मला माहीत नव्हतं. "आता काय उपयोग आबा," ती म्हणाली, आणि नळ बंद केला.